आई कामावर निघते तेव्हा : अंगावर पिणाऱ्या बाळाला वाटी-बाटलीची सवय

घरात नातवंड आले की आजी-आजोबांच्या दिवसाला नवे वळण लागते. तेल-मालिश, आंघोळ, धुरी, दुपटी वाळवणे, पाळण्याची दोरी ओढणे यांत वेळ कसा जातो ते कळत नाही. मात्र बाळंतपणाची रजा संपत आली की याच घरात एक अबोल चिंता वस्तीला येते. लेक किंवा सून आठ-दहा तास घराबाहेर राहणार; बाळाने आजवर आईच्या अंगावरच्या दुधाखेरीज काही तोंडात घेतलेले नाही; आणि त्या आठ-दहा तासांचा भार आपल्यावर येणार. बाळाने काहीच घेतले नाही तर काय करायचे, हा प्रश्न आईला रात्री झोपू देत नाही आणि आजीला दुपारी.

ही चिंता अगदी रास्त आहे. परंतु पुरेसा अवधी, थोडी शिस्त आणि पुष्कळ संयम हाताशी असेल तर हे स्थित्यंतर बहुतेक बाळांना साधते. ते साधून देणारी व्यक्ती बहुधा आई नसते, तर बाळाला सांभाळणारी आजी, आजोबा, मावशी किंवा सांभाळायला येणारी बाई असते. म्हणून हा लेख प्रामुख्याने आपल्यासाठी आहे.

रजेचे गणित

आपल्या देशात मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यांपैकी ८ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. ज्या आईने ती पूर्ण आठ आठवडे आधी घेतली, तिच्या हाती बाळंतपणानंतर १८ आठवडेच उरतात. म्हणजे ती कामावर रुजू होते तेव्हा बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचे असते. हयात अपत्ये दोन किंवा अधिक असतील तर एकूण रजा १२ आठवड्यांचीच असते. शेतमजुरी, घरकाम किंवा छोट्या दुकानातली नोकरी करणाऱ्या स्त्रियांना यातले पुष्कळदा काहीच मिळत नाही. परदेशी लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आजी-आजोबांनाही हा अनुभव येतो. अमेरिकेतील संघीय कायदा पात्र नोकरदारांना १२ आठवड्यांची, तीही बिनपगारी रजा देतो.

दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की, बाळाला पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर वरच्या आहाराच्या जोडीने दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे. रजा आणि शिफारस यांच्यामधली ही दरी भरून काढण्याचा उत्तम मार्ग म्हणजे आईचे दूध काढून ठेवणे आणि तिच्या गैरहजेरीत ते बाळाला पाजणे. आई दूर असली तरी तिचे दूध बाळाजवळ राहते.

काढून ठेवलेले दूध म्हणजे शिळे दूध, अशी शंका पुष्कळ ज्येष्ठांच्या मनात असते. ती काढून टाकावी. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली होती. अशा पेढ्यांत मातांनी दिलेले दूध निर्जंतुक करून, साठवून, अशक्त व अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिले जाते. नीट काढलेले आणि नीट सांभाळलेले आईचे दूध हे बाळाचे उत्तम अन्नच असते.

वाटी, बोंडले की बाटली?

आईच्या अंगावर पिताना बाळ जिभेने आणि जबड्याने मेहनत करते. पान्हा कधी वेगाने येतो, कधी मंदावतो आणि बाळ आपल्या गतीने थांबते. बाटलीतून मात्र दूध फारशा कष्टाविना वाहते आणि तोंडात निपल धरण्याची ढबही निराळी असते. म्हणूनच काही बाळे बाटली झिडकारतात, तर काही बाटलीला सरावली की अंगावर पिण्याचा कंटाळा करू लागतात. शिवाय निपलचे छिद्र आणि बाटलीचा गळा यांत दुधाचा अंश राहिला तर जंतू वाढतात व त्यातून जुलाब होण्याचा धोका असतो. या कारणांमुळे आपल्याकडील बालरोगतज्ज्ञ सामान्यतः बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडले पसंत करतात. दुधाची भुकटी व दूध पाजण्याच्या बाटल्या यांच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, तिच्यामागेही हाच विचार आहे.

बोंडले आपल्या पिढीला नवे नाही. चोच असलेले हे छोटे पात्र अनेक घरांत चांदीचे असे आणि बाळंतविड्यातून येई. आज स्टीलचे बोंडले सहज मिळते. त्याला कोनेकोपरे नसल्याने ते घासायला आणि उकळायला सोपे जाते. तीन-चार महिन्यांच्या पुढचे बाळ लहान वाटीतूनही छान पिते. त्याला बाटली शिकवून नंतर ती सोडवण्याचा खटाटोप वाचतो.

तरीही काही घरांत बाटलीच सोयीची ठरते. तसे ठरवले असेल तर अपराधी वाटून घेऊ नये. हळू प्रवाहाचे निपल निवडावे आणि पुढे सांगितलेली पद्धत व स्वच्छता कसोशीने पाळावी. अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ असेल तर साधनाची निवड डॉक्टरांवर सोपवावी.

सुरुवात केव्हा करावी?

फार घाई नको आणि फार उशीरही नको. पहिले तीन-चार आठवडे आईचे दूध आणि बाळाचे अंगावर पिणे यांची घडी बसण्यासाठी राखून ठेवावेत. या काळात बाटली वा चोखणी देऊ नये. घडी बसल्यावर, आई रुजू होण्याच्या निदान दोन आठवडे आधी सराव सुरू करावा. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी प्रथमच वाटी पुढे केली तर बाळ, आई आणि आजी तिघांचीही परीक्षा होते.

प्रारंभी दिवसातून एकदाच आणि थोडे, म्हणजे दोन-तीन चमचे दूध द्यावे. बाळ अगदी भुकेले असताना नवा प्रयोग करू नये. भूक अनावर झालेले बाळ काही शिकण्याच्या मनःस्थितीत नसते. पोट तुडुंब भरलेले असतानाही उपयोग नाही. नेहमीच्या पिण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधी, झोप पुरी होऊन बाळ प्रसन्न असते, ती वेळ साधावी. आईने त्या वेळी दुसऱ्या खोलीत, जमल्यास घराबाहेर जावे. आईचा गंध आणि आवाज जवळ असताना बाळ वाटीकडे कशाला पाहील? आईची वापरलेली मऊ साडी किंवा ओढणी मात्र आपल्या खांद्यावर टाकावी. तो ओळखीचा गंध बाळाला धीर देतो.

दूध सांभाळण्याचे नियम

आईने हात साबणाने धुऊन स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात दूध काढावे. ते हाताने काढता येते किंवा पंपाने. भांड्यावर तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी लावावी. अक्षर ठळक असावे, म्हणजे चष्म्यावाचून अडणार नाही.

साधारण २५ अंश तापमानात हे दूध चार तासांपर्यंत बाहेर टिकते. आपल्याकडचा चैत्र-वैशाख पाहता त्यावर विसंबू नये. दूध काढताच फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ठेवावे, दारातल्या कप्प्यात नव्हे. फ्रीजमधले दूध २४ तासांत वापरून टाकण्याचा नियम घरासाठी सोपा आणि सुरक्षित आहे. वीज वारंवार जात असेल तर त्याहून लवकर. गोठवलेले दूध वितळल्यावर २४ तासांत संपवावे, पुन्हा गोठवू नये.

पाजण्यापूर्वी भांडे कोमट पाण्यात ठेवून दूध साधारण अंगाइतके उबदार करावे. गॅसवर तापवू नये, उकळू नये. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच ठेवू नये, कारण त्यात दूध असमान तापते आणि तोंड भाजू शकते. मनगटाच्या आतल्या बाजूवर एक थेंब टाकून पाहावा. ठेवलेल्या दुधावर सायीसारखा थर येतो. ते नासलेले नसते, भांडे हलक्या हाताने फिरवले की एकजीव होते. बाळाने उष्टे केलेले दूध दोन तासांत संपले नाही तर टाकून द्यावे. आईच्या कष्टाचे दूध ओतून देताना जीव कळवळतो, म्हणून एका वेळी थोडेच दूध कोमट करावे.

वाटी, चमचा, बोंडले किंवा बाटली व निपल प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने घासून, पूर्ण बुडतील अशा पाण्यात दहा मिनिटे उकळावीत आणि फडक्याने न पुसता झाकून वाळू द्यावीत.

पाजण्याची रीत

बाळ रडू लागण्याची वाट पाहू नये. मुठी तोंडाशी नेणे, ओठ चाटणे, मान वळवून काही शोधणे या भुकेच्या पहिल्या खुणा आहेत. रडणे ही शेवटची.

बाळाला मांडीवर जवळजवळ उभे, डोके व मान आपल्या हाताच्या आधाराने धरावे. वाटीने पाजताना कड खालच्या ओठावर अलगद टेकवावी आणि दूध ओठांना लागेल इतकीच वाटी कलती करावी. बाळ जिभेने चाटू लागेल, मग घोट घेऊ लागेल. दूध तोंडात ओतू नये. बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्याशी ठेवून थोडे थोडे दूध सोडावे आणि प्रत्येक घोट गिळल्याचे पाहूनच पुढचा द्यावा.

बाटली असेल तर निपल ओठांना हळूच लावून बाळाने स्वतः तोंड उघडेपर्यंत थांबावे. बाटली उभी न करता जवळजवळ आडवी धरावी, म्हणजे दूध धो-धो वाहणार नाही. दर काही घोटांनंतर बाटली खाली करून विश्रांती द्यावी. अर्धे दूध झाल्यावर बाळाला दुसऱ्या हातावर घ्यावे. अंगावर पितानाही बाजू बदलतेच. असे सावकाश पिणारे बाळ गरजेपेक्षा जास्त पीत नाही आणि अंगावरचे मंद दूधही त्याला कंटाळवाणे वाटत नाही.

बाळाला आडवे झोपवून पाजू नये, आणि उशीला बाटली टेकवून बाजूला तर कधीच होऊ नये. दूध श्वासनलिकेत जाऊन ठसका लागण्याचा आणि कान फुटण्याचा धोका त्यात आहे. पिऊन झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. थोडी गुळणी आली तर घाबरू नये.

किती दूध पुरते?

एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसरात्र मिळून सरासरी ७५० मिलीच्या आसपास आईचे दूध पिते. म्हणजे तासाला साधारण ३० मिली. आई प्रवासासह दहा तास बाहेर राहणार असेल तर सुमारे ३०० मिली दूध, ७५ ते १०० मिलीच्या तीन-चार वाट्यांत विभागून ठेवावे. हा अंदाज आहे, परीक्षेतला उत्तीर्ण होण्याचा आकडा नव्हे. काही बाळे दिवसा मोजकेच घेतात आणि आई आली की संध्याकाळी व रात्री भरपाई करतात. बाळाने मान फिरवली, ओठ मिटले, मुठी सैल सोडल्या की पोट भरले असे समजावे. वाटीत उरलेले दोन चमचे संपवण्याचा आग्रह करू नये.

दूध पोटाला पुरते की नाही याची खरी साक्ष वाटी देत नाही, दुपटी देतात. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू, अंगावरचा तजेला आणि दवाखान्यातील काट्यावर वाढणारे वजन हे तीन साक्षीदार पुरेसे आहेत.

बाळ नकार देते तेव्हा

पहिल्या काही दिवसांत नकार येणारच, असे गृहीत धरावे. बाळ तोंड फिरवेल, दूध बाहेर ढकलेल, कदाचित आकांत मांडेल. दहा मिनिटांपलीकडे ओढाताण करू नये. बाळाला उचलून घ्यावे, खिडकीपाशी न्यावे, शांत करावे आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. नाक दाबून किंवा हात बांधून पाजणे हा जुलूम आहे. त्याने ठसका लागतो आणि वाटी दिसली की बाळ रडू लागते.

नकाराची कारणे शोधावीत. दूध गार आहे का? निपलचे छिद्र फार लहान किंवा फार मोठे आहे का? साठवलेल्या दुधाला कधी कधी साबणासारखा वास येतो. दुधातील मेद पचवणाऱ्या घटकामुळे तो येतो, त्याने अपाय होत नाही, पण एखादे बाळ नाक मुरडते. अशा वेळी ताजे काढलेले दूध देऊन पाहावे. जागा बदलावी, व्यक्ती बदलावी. आजीकडून न पिणारे बाळ आजोबांकडून निमूटपणे पिते, असेही घडते. बाटलीचा पुरता तिटकारा आला तर तिचा हट्ट सोडून वाटीकडे वळावे.

काय देऊ नये?

बाळ वाटीतले दूध घेत नाही असे दिसले की घरातल्या वडीलधाऱ्यांचे हात जुन्या उपायांकडे वळतात. त्यामागे मायाच असते. तरीही काही गोष्टी ठामपणे टाळायला हव्यात. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. मधाचे बोट एक वर्षाच्या आत देऊ नये. त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. गुटी, ग्राइप वॉटर, पाणी घातलेले गाईचे दूध, साखरपाणी यांनी पोट भरल्यासारखे होते, पण पोषण घटते आणि जंतुसंसर्गाची वाट उघडते. आईचे दूध निळसर, पातळ दिसले म्हणून ते निःसत्त्व ठरत नाही. सुरुवातीचे दूध तसेच दिसते.

आईचे दूध खरोखरच कमी पडत असेल आणि डॉक्टरांनी डब्याचे दूध सुचवले असेल तर डब्यावरील प्रमाण तंतोतंत पाळावे. पुरवठ्याला यावे म्हणून पावडर कमी घालणे किंवा अंगी लागावे म्हणून जास्त घालणे, दोन्ही घातक आहे.

आपली स्वतःची काळजी

तान्हे सांभाळणे हे शरीराचे काम आहे आणि आपले शरीर आता साठीचे, सत्तरीचे आहे. जमिनीवर मांडी घालणे कठीण जात असेल तर पाठ टेकलेल्या खुर्चीत बसावे, पाय पाटावर ठेवावेत, बाळाखाली उशी घ्यावी. हात थरथरत असेल तर वाटी निम्मीच भरावी किंवा बोंडले वापरावे. बाटलीवरच्या बारीक रेषा दिसत नसतील तर एकदा सुनेकडून मोजून घेऊन वाटीतली पातळी ध्यानात ठेवावी. डुलकी येत असताना बाळाला पाजू नये. आपली रक्तदाबाची गोळी आणि दुपारचे जेवण बाळाच्या वेळापत्रकात हरवू देऊ नये. झेपत नसेल तर तसे सांगावे. ते सांगण्यात कमीपणा नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. संध्याकाळी दमून घरी आलेल्या आईचा पहिला प्रश्न असतो, ‘नीट प्यायलं का?’ उत्तर खरे द्यावे, पण सौम्यपणे द्यावे. ‘दिवसभर तुझ्यासाठी रडत होतं’ हे वाक्य तिच्या जिवाला घरे पाडते. त्याऐवजी वहीत लिहिलेल्या वेळा आणि मात्रा तिच्यापुढे ठेवाव्यात. मग सगळी कामे बाजूला ठेवून तिला बाळासह बसू द्यावे. ती घरी असताना बाळाला अंगावरच पिऊ द्यावे, आणि कामाच्या ठिकाणी तिने दर तीन तासांनी दूध काढावे. नाहीतर दूध आटू लागते. कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत तिला कामाच्या वेळेत दोन स्तनपान-विराम मिळतात. हे तिला ठाऊक नसेल, तर आपण सांगावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बाळ सुस्त पडले, उठवूनही पीत नसेल. आठ तासांत एकदाही शू झाली नसेल. टाळू खोल गेली, तोंड कोरडे पडले. ताप आला, श्वास जलद चालला. पिताना वारंवार ठसका लागतो किंवा ओठ निळसर होतात. हिरवी उलटी झाली, तर घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर डॉक्टरांना दाखवावे. आई ऑफिसातून येईपर्यंत थांबू नये. डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावून ठेवावा.

बहुतेक घरांत मात्र ही वेळ येत नाही. आठ-पंधरा दिवस वाटीशी झगडणारे बाळ एके दुपारी आपसूक ओठ पुढे करते आणि मिटक्या मारीत पिऊ लागते. त्या दुपारपर्यंतचा धीर मात्र आपल्याला पुरवावा लागतो. सकाळी घाईघाईने दार ओढून निघणारी आई तो धीर आपल्याच भरवशावर घरी ठेवून जात असते.